ईबो-टीसीपी: चौलच्या वाडीत बसून वाचलेली सोळाव्या शतकातली इंग्रजी पुस्तकं

ज्यांना नुसता निकाल हवा आहे त्यांना आधीच सांगते: पाचपैकी साडेचार तारे. ईबो-टीसीपी, म्हणजे 'अर्ली इंग्लिश बुक्स ऑनलाइन - टेक्स्ट क्रिएशन पार्टनरशिप', ही सेवा फुकट आहे, नाव नोंदवावं लागत नाही. १४७३ ते १७०० या काळात छापलेल्या सुमारे ६०,००० पुस्तकांचा मजकूर घरबसल्या वाचता येतो, आणि त्यातला हवा तो शब्द शोधता येतो. बहुतेक पुस्तकं इंग्रजी आहेत, थोडी लॅटिन आणि वेल्शही. अर्धा तारा का कापला ते ओघात येईलच.

मी चौलला राहते. जवळच्या एका कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे. नव्वदच्या दशकात मी पीएच.डी.साठी नाव नोंदवलं होतं. विषय होता एलिझाबेथच्या काळातली इंग्रजी प्रवासवर्णनं. मुंबईतल्या एका जुन्या ग्रंथालयात रिचर्ड हॅक्लुटनं जमवलेल्या प्रवासवर्णनांच्या मोठ्या संग्रहाची ग्लासगोला १९०३ ते १९०५ मध्ये निघालेली बारा खंडांची आवृत्ती होती. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत मांडव्याहून लाँचनं जायचं, बहिणीकडे उतरायचं आणि दिवसभर वहीत उतरवून काढायचं, असं तीन वर्षं केलं. झेरॉक्सला परवानगी नव्हती. चौथ्या वर्षी मला हवे होते नेमके तेच खंड बांधणीला गेले आणि ते परत आल्याचं मला कधी कळलं नाही. मुलगी लहान होती, काम तिथेच थांबलं. वह्या मात्र मी जपून ठेवल्या. ही सगळी हकिगत सांगण्याचं कारण असं की या सेवेची किंमत मी त्या वह्यांशी ताडूनच करू शकते.

२०२० च्या ऑगस्टमध्ये, सगळं बंद असताना, एका ऑनलाइन उजळणी वर्गात कुणीतरी सांगितलं की ईबो-टीसीपीचा दुसरा हप्ताही आता सगळ्यांना खुला झाला आहे. पहिला, २५,००० हून अधिक पुस्तकांचा, १ जानेवारी २०१५ लाच खुला झाला होता. म्हणजे मला हवा असलेला मजकूर बहुधा पाच वर्षं समोर पडून होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मिशिगन विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं पान उघडलं. साधा शोधचौकोन, डोळ्यांना त्रास नाही, जाहिराती नाहीत. त्या रात्री दोन वाजेपर्यंत मी जागी होते.

ही सेवा नेमकी कशी बनली हे कळल्याशिवाय ती नीट वापरता येत नाही, म्हणून थोडं ते सांगते. यूजीन पॉवर नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९३० च्या दशकात ब्रिटिश म्युझियममधल्या जुन्या इंग्रजी पुस्तकांची मायक्रोफिल्म काढायला सुरुवात केली. पुढे महायुद्धात लंडनवर बाँब पडू लागल्यावर या कामाचं मोल आणखी कळलं. त्या फिल्मवरून १९९८ मध्ये पानांची छायाचित्रं इंटरनेटवर आली, ते ईबो. ती छायाचित्रं संस्थांनी वर्गणी भरून घ्यायची असतात, आमच्या कॉलेजाच्या आवाक्यातली ती गोष्ट नव्हती. शिवाय छायाचित्रात शब्द शोधता येत नाही. यंत्राला ती अक्षरं वाचायला लावावी तर जाड काळ्या गॉथिक वळणाचा टाइप, मागच्या पानाची उमटलेली शाई आणि फिल्मवरचे ओरखडे यांपुढे त्या काळचं यंत्र हात टेकत होतं. मग मिशिगन आणि ऑक्सफर्डच्या ग्रंथालयांनी बऱ्याच संस्थांकडून पैसे गोळा करून सरळ माणसांकडून टाइप करून घेतलं. एकच पान दोघांनी वेगवेगळं टाइप करायचं, दोन प्रती ताडायच्या, फरक दिसेल तिथे पुन्हा बघायचं. अट होती २०,००० अक्षरांत एका चुकीची. त्यानंतर विद्यापीठातले संपादक प्रत्येक पुस्तकाचा ५ टक्के भाग, किंवा ५ पानं, यांतलं जे जास्त भरेल ते, तपासायचे. न जमलेलं पुस्तक परत पाठवायचे.

फाइल उतरवून घेतली की तिच्या माथ्यावर टाइप करणाऱ्या कंपनीचं नाव आणि महिना-वर्ष असतं. टाइप करणाऱ्या माणसाचं नाव नसतं. माझ्या मामेबहिणीनं दोन वर्षं डेटा-एन्ट्रीच्या एका ऑफिसात रात्रपाळी केली आहे. अर्थ न लावता समोर दिसतं तेवढंच टाइप करायचं, ही त्या कामाची शिस्त, असं ती सांगायची. जुन्या मजकुराच्या बाबतीत ही शिस्त मला फार मोलाची वाटते. शहाणा माणूस चुकीचं स्पेलिंग दुरुस्त करून टाकतो. माझ्या वहीत मी तसं कितीतरी ठिकाणी केलेलं आता सापडतं आहे.

त्याचंच उदाहरण. सगळ्यात आधी मी शोधायला घेतलं ते आपल्या फादर थॉमस स्टीफन्सचं नाव. मराठीची थोरवी गाणारी त्यांची ओवी शाळेपासून सगळ्यांना माहीत असते. पण १५७९ साली गोव्यात पोचल्यावर त्यांनी लंडनमधल्या वडिलांना लिहिलेलं इंग्रजी पत्र फार थोड्यांनी वाचलेलं असतं, आणि ते हॅक्लुटच्या संग्रहात आहे हे मला ठाऊक होतं. लेखकाच्या रकान्यात नाव टाकलं. ते मिळेना, कारण सूचीत पुस्तक हॅक्लुटच्या नावावर आहे, आतल्या पत्राचा लेखक वेगळा नोंदलेला नाही. मग मजकुरात शोधलं. स्टीफन्स हे आजचं स्पेलिंग टाकलं, दुसरेच स्टीफन्स निघाले. माझ्या वहीत 'स्टीव्हन्स' होतं, व्ही अक्षर घालून, तेही टाकलं. हवा तो मजकूर नाहीच. चहा केला, परत येऊन बसले आणि लक्षात आलं: त्या काळच्या छापखान्यात व्ही आणि यू ही दोन वेगळी अक्षरं मानत नसत. शब्दाच्या सुरुवातीला व्ही, मध्ये आला की यू, मग उच्चार काहीही असो. मोडी वाचणाऱ्याला जसं ह्रस्व-दीर्घ स्वतःच ठरवावं लागतं, तसंच हे. मी एस-टी-ई-यू-ई-एन-एस असं टाकलं आणि फादर समोर उभे राहिले.

पत्र पडद्यावर पूर्ण वाचलं. ४ एप्रिलला लिस्बनहून पाच जहाजं निघाली, २४ ऑक्टोबरला गोवा. हिरड्या सुजून कापून टाकाव्या लागणारा तो खलाशांचा रोग. आकाशात पूर्व-पश्चिम दाखवणारा एकही स्थिर बिंदू नसल्यानं त्या दिशेनं जहाज हाकणं किती अवघड, हे वडिलांना समजावून सांगणारा मुलगा. आणि शेवटी, युरोपातल्यासारखं एकही झाड इथे पाहिलं नाही, एक द्राक्षवेल सोडली तर, आणि तीही इथे निरुपयोगी; इथलं पेय म्हणजे चांगलं पाणी, किंवा माडाची नाहीतर नारळाची दारू. तीस वर्षांपूर्वी हे सगळं मी वाचलं होतं. पण तेव्हा उतरवण्याची घाई असायची, ग्रंथालय सहाला बंद व्हायचं.

तर अर्धा तारा इथे गेला. मिशिगनचा शोधचौकोन जुन्या स्पेलिंगची समज तुमच्याकडूनच मागतो. ज्याला हे माहीत नाही तो 'सापडलं नाही' म्हणून उठून जाईल, आणि ती वस्तू तिथे असेल. यावर उपाय आहे, त्याचं नाव अर्लीप्रिंट. नॉर्थवेस्टर्न आणि सेंट लुइसचं वॉशिंग्टन विद्यापीठ या दोघांनी टीसीपीच्याच मजकुरावर संस्कार करून प्रत्येक शब्दामागे त्याचं आजचं स्पेलिंग आणि मूळ रूप जोडलं आहे. तिथे आजचा शब्द टाकला तरी जुनी रूपं मिळतात, आणि काही पुस्तकांच्या मजकुरासमोर मूळ पानाचं छायाचित्रही दिसतं. मी आता दोन्ही वापरते: शोधायला अर्लीप्रिंट, निवांत वाचायला मिशिगन.

आता चौलकडे येते. या सेवेनं मला जे सगळ्यात मोठं दिलं ते इथलं आहे.

स्टीफन्सचं नाव यू घालून शोधताना थोडं पुढे रॅल्फ फिचही सापडला. लंडनचा व्यापारी, १५८३ मध्ये टायगर नावाच्या जहाजानं सीरियाकडे निघाला, होर्मुझला पोर्तुगीजांनी पकडलं आणि गोव्याच्या तुरुंगात आणलं. तिथे दोन जेझुइटांनी व्हाइसरॉयकडे त्याच्यासाठी रदबदली केली, त्यातले एक विल्टशरचे हेच फादर. गोव्याला नेताना जहाज १० नोव्हेंबरला चौलला लागलं. फिच लिहितो की इथे दोन गावं आहेत, एक पोर्तुगीजांचं, एक मुसलमानांचं. पोर्तुगीजांचं समुद्राजवळ, खाडीचं तोंड राखणारं, चारी बाजूंनी तटबंदीचं. त्याच्या थोडं वर दुसरं, झामालुको राजाचं. म्हणजे निजामशहा. आणि ही दोन गावं म्हणजे रेवदंडा आणि चौल. त्या तटाच्या पडक्या वेशीतून मी तीस वर्षं एसटीनं कॉलेजला गेले. वाचताना माझे हात थरथरत होते, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

त्यापुढे तो माडाचं वर्णन करतो. जगातलं सगळ्यात फायद्याचं झाड, सदा फळणारं. दारू, तेल, साखर, शिरका, दोर, कोळसा, झावळ्यांचं शाकार, जहाजाची शिडं, चटया, फांद्यांच्या केरसुण्या, लाकडाची जहाजं. मला वाटलं, माझ्या गावाचं इंग्रजीतलं पहिलं डोळ्यांनी पाहिलेलं चित्र हेच. तसं मी एका छोट्या लेखात लिहूनही टाकलं होतं, सुदैवानं पाठवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सहज, 'चौल' एवढाच शब्द संपूर्ण संग्रहात शोधला. मिळालेल्या जागा एकाखाली एक, आजूबाजूच्या ओळींसकट दिसतात. फिचच्या ओळीच्या वरच दुसरी ओळ होती: दोन शहरं, एक पोर्तुगीजांचं, एक मुसलमानांचं. ती होती व्हेनिसच्या चेझारे फेदेरीचीची. हा व्यापारी १५६३ मध्ये व्हेनिसहून निघाला आणि १५८१ मध्ये परतला. त्याचं पुस्तक व्हेनिसला १५८७ मध्ये छापलं गेलं आणि लगेच १५८८ मध्ये थॉमस हिकॉकनं त्याचं इंग्रजी केलं. फिच लंडनला परतला १५९१ मध्ये, म्हणजे तेव्हा हे इंग्रजी पुस्तक बाजारात होतं. हॅक्लुटनं १५९९ च्या खंडात दोघांनाही थोड्या पानांच्या अंतरानं छापलं. मी मुंबईत बसून ते दोन्ही उतरवले होते, पण वेगवेगळ्या सुट्टीत, वेगवेगळ्या वहीत. शेजारीशेजारी कधी ठेवले नव्हते.

या वेळी ठेवले. दोन्ही उतारे उतरवून घेतले, वर्डमध्ये दोन रकाने केले, वाक्यासमोर वाक्य. दोन गावं, खालचं बंदराचं तोंड राखणारं, तटबंदी, झामालुको, मग मालाची यादी, मसाले, औषधी, रेशीम, रेशमी कापड, चंदन, चिनी माती, मग नारळाची साखर, मग झाडाचं नाव, मग जगात याहून फायद्याचं झाड नाही. क्रम तोच. फिचनं फेदेरीची समोर ठेवून लिहिलं आहे यात शंका उरत नाही. अभ्यासकांना हे पूर्वीच माहीत होतं. पण ते ऐकून घेणं निराळं आणि आपल्या पडद्यावर आपल्या गावाची दोन वर्णनं एकमेकांवर बसताना पाहणं निराळं.

दोन दिवस मी खट्टू होते. मग रकान्यांत जिथे जुळत नाही त्या जागा पिवळ्या केल्या. यंत्र साम्य पटकन दाखवतं, पण फरकाचा अर्थ त्याला लावता येत नाही. फेदेरीची म्हणतो की साखर आणि सुकं खोबरं दरवर्षी कोचीन आणि कण्णूरहून दहा-पंधरा मोठ्या जहाजांतून चौलला येतं. फिच ती जहाजं गाळतो, त्यामुळे साखर इथलीच वाटते. ही चूक घाईघाईनं सारांश करणाऱ्याची. पण माडीच्या जागी उलट झालं आहे. फेदेरीची लिहितो की वसंतात झाडाच्या मधोमध पांढरा रस वाहतो आणि खाली भांडं ठेवतात. फिच लिहितो की एक फांदी कापतात, ती घट्ट बांधतात, तिला मातीचं मडकं टांगतात आणि सकाळ-संध्याकाळ रिकामं करतात.

शेजारच्या वाडीत काका आहेत. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माडी काढत आले आहेत. वय ऐंशीच्या पुढे, आता झाडावर चढत नाहीत. त्यांना मी दोन्ही वर्णनं मराठीत सांगितली, कोणतं कुणाचं ते न सांगता. पहिलं ऐकून ते म्हणाले, "हा लांबून ऐकलेला. झाडाच्या मधनं कुठला आलाय रस?" दुसऱ्याला म्हणाले, "हा माणूस माडाखाली उभा राहिला होता. पोय बांधल्याबिगर रस धरत नाही, हे बघितल्याबिगर कळत नाही." पोय म्हणजे माडाचा फुलोरा. केरसुण्याही फेदेरीचीकडे नाहीत, फक्त फिचकडे आहेत. हिराच्या खराट्यानं झाडलेलं अंगण त्यानं पाहिलं असणार. चौलला की पुढे गोव्यात, ते मजकूर सांगत नाही, आणि तिथे मी थांबते.

एवढ्यासाठी मी या सेवेला डोक्यावर घेते. चार ओळींचा हा फरक काढायला मला नव्वदच्या दशकात बहुधा आणखी चार सुट्ट्या लागल्या असत्या. आणि विद्यापीठातल्या कुणाला पोय म्हणजे काय हे विचारायला काका मिळाले नसते. घरी बसलेल्या माणसाच्या हातात मूळ मजकूर आला, तेव्हाच या दोन गोष्टी एकत्र आल्या.

काळ्या ठिपक्यांबद्दल सांगायलाच हवं. टाइप करणाऱ्याला अक्षर वाचता आलं नाही तर त्या जागी ठिपका येतो, अख्खा शब्द गेला असेल तर कंसातला छोटा चौकोन. मोठे लेखक, चांगले छापलेले ग्रंथ यांत ठिपके विरळ. स्वस्तातली पत्रकं, शाई पसरलेली धर्मविषयक पुस्तिका यांत एकेका पानावर खच पडलेला असतो. संपादक शक्य तिथे दुरुस्त करायचे, पण एका पुस्तकात १०० जागांपर्यंतच, तशी मर्यादा ठरवलेली होती. उरलेलं तसंच. ठिपका असलेला शब्द शोधात सापडत नाही हे ध्यानात ठेवा. ग्रीक आणि हिब्रू मजकूर टाइप केलेलाच नाही, तिथे 'अन्य लिपी' अशी खूण दिसते. ज्याला विद्वानांची समासातली ग्रीक-हिब्रू टीप हवी त्याची इथे निराशा होईल. मला हे ठिपके प्रामाणिक वाटतात. न वाचता आलेल्या जागी अंदाजानं शब्द बसवला असता तर तो मला कधीच ओळखता आला नसता.

वर्गातला अनुभव सांगते. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी तिसऱ्या वर्षाला मॅकबेथ होतं, वर्ग ऑनलाइन. पहिल्या अंकातली चेटकीण एका खलाशाच्या बायकोबद्दल म्हणते, तिचा नवरा टायगर जहाजाचा कप्तान, अलेप्पोला गेलाय. मी पडदा सगळ्यांना दाखवून 'अलेप्पो' शोधलं. १६२३ च्या फोलिओतली, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या संग्रहातली, ती ओळ आली, ऑथेल्लोच्या शेवटच्या भाषणातली ओळही आली, आणि फिचही आला: टायगर नावाचं जहाज, तिथून पुढे अलेप्पो. मुलं एकदम जागी झाली. एकजण म्हणाला, "मॅडम, म्हणजे शेक्सपिअरनं हेच वाचलं!" मी म्हटलं, थांब. टायगर नावाचं एक जहाज १६०४ च्या डिसेंबरात पूर्वेकडे निघून हाल सोसत १६०६ च्या जूनमध्ये परतलं होतं, नाटक लिहिलं गेलं त्याच सुमारास. चेटकिणीच्या शापातले नऊ गुणिले नऊ आठवडे मोजले तर ५६७ दिवस भरतात, आणि त्या सफरीचे दिवसही जवळपास तेवढेच. मग नाटकातलं टायगर कोणतं? दोन ठिकाणी तोच शब्द दिसला म्हणून एकानं दुसऱ्याचं वाचलं असं होत नाही. फिच आणि फेदेरीचीच्या बाबतीत वीस गोष्टी त्याच क्रमानं आल्या, इथे दोन नावं जुळली. हा फरक मुलांना त्या तासात कळला, आणि माझ्या मते तो एमएच्या संशोधनपद्धतीच्या पेपरात कळत नाही.

आलेखांचंही तसंच. अर्लीप्रिंटवर एखादा शब्द कोणत्या वर्षी किती वेळा आला याचा आलेख निघतो. बघायला मोहक असतो. पण १६४० नंतर इंग्लंडात राजा आणि पार्लमेंटचं युद्ध पेटलं तेव्हा पत्रकांचा पूर आला. लंडनच्या जॉर्ज थॉमसन या एका पुस्तकविक्रेत्यानं १६४० ते १६६१ या काळात जमवलेली पुस्तकं-पत्रकंच २२,००० च्या घरात जातात. त्यामुळे नुसते आकडे पाहिले तर जवळपास प्रत्येक शब्द तिथे उसळी घेतो. शिवाय टीसीपीनं पुस्तकं निवडताना साधारणपणे पहिल्या आवृत्तीला पसंती दिली. लोकांनी वीस वेळा विकत घेतलेलं पुस्तक आणि गोदामात पडून राहिलेलं पुस्तक इथे सारखंच मोजलं जातं. मी आलेख बघते, पण त्यावरून काही लिहीत नाही.

काय मिळणार नाही, तेही सांगते. संग्रहाची हद्द इंग्रजी मुलखात छापलेलं, किंवा बाहेर छापलेलं पण इंग्रजीतलं, एवढीच आहे. १५६३ मध्ये गोव्यात छापलेला गार्सिया द ओर्ताचा औषधी वनस्पतींवरचा पोर्तुगीज ग्रंथ इथे नाही. फादर स्टीफन्सचं १६१६ चं रायतूरला छापलेलं क्रिस्तपुराण अर्थातच नाही. त्या छपाईची तर प्रतच उरलेली नाही. त्यामुळे इथे शोधलं की हा माणूस वडिलांना पत्र लिहिणारा आणि कैद्यांना सोडवणारा इंग्रज एवढाच दिसतो. त्यानं आपल्या भाषेत रचलेल्या हजारो ओव्यांचा इथे मागमूस नाही. इंग्रजी संग्रहात शोधून सोळाव्या शतकातल्या गोव्याबद्दल निष्कर्ष काढणारा अभ्यास कुणी समोर ठेवला तर हे आधी विचारा.

वापरायच्या काही गोष्टी. मोबाइलवर वाचता येतं, शोधायला मात्र संगणक घ्या. फाइल उतरवून घेता येते आणि तिच्यावर हक्काची कुठलीही आडकाठी नाही, छापा, वाटा, वर्गात द्या. इथे पावसाळ्यात लाइट जाते, म्हणून मी हॅक्लुट आणि आणखी चाळीसेक पुस्तकं उतरवून ठेवली आहेत. उद्धृत करण्याआधी मूळ पानाचं छायाचित्र कुठे बघता आलं तर जरूर बघा. पानाचा आकार, लाल शाई, समासातली शाईची खूण यातलं काहीही टाइप केलेल्या मजकुरात येत नाही. ईबोच्या जुन्या फिल्मवर तरी कुठे येतं, ती काळी-पांढरीच.

एक शब्द अजून सुटलेला नाही. फेदेरीची म्हणतो की माडीची दारू गाळून पिंपात भरतात आणि त्यात झिबिब्बो घालतात. हिकॉकनं हा इटालियन शब्द इंग्रजीत तसाच ठेवला. तो मूळ अरबी, अर्थ मनुका. फिचच्या उताऱ्यात मात्र साधं 'सुकवलेल्या मनुका' असं इंग्रजी आहे. त्याला अर्थ व्हेनिसच्या कुणा व्यापाऱ्यानं सांगितला, की त्यानं गोव्यात पिंपात मनुका पडताना पाहिल्या? काकांना विचारलं तर ते म्हणाले, "आमच्यात कुणी मनुका घातल्याचं ऐकलं नाही. पण आजोबांच्या वेळचं मला काय ठाऊक." १५८७ चं मूळ इटालियन इथे नाही, ते दुसरीकडे शोधायला घेतलं आहे. इटालियन मला येत नाही, शब्दकोश मागवला आहे.